हातानं वळलेली उदबत्ती

पोपटच्या शेडपुढं टेंपो येऊन थांबला, त्यातनं खोकी उतरायला लागली, आणि चंपाक्कानं कुणाला न विचारता पहिल्याच खोक्याची पट्टी ओढून काढली. भांडण तिथनं सुरू झालं.

पौषातली थंडी होती. कालव्याकडनं असा वारा यायचा की बोटं मुठीतनं सुटायची नाहीत. आम्ही पस्तीस बायका शेडच्या ओट्यावर उन्हाला पाठ लावून बसलेलो, प्रत्येकीच्या पुढ्यात लाकडी पाट. रोज आठाच्या सुमाराला पोपट बांबूच्या काड्या आणि मसाला द्यायचा. मसाला म्हणजे कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटायला एका झाडाच्या सालीचं पीठ. ते पाण्यात मळायचं, काडी पाटावर ठेवायची, गोळ्यातला चिमटा तिच्यावर लावायचा आणि तळहातानं एकदाच पुढं ढकलायचं. झाली उदबत्ती. ती उन्हात वाळली की पुण्यात बिबवेवाडीच्या कंपनीत जायची. तिथं तिला वास लावून पुड्यात भरायचे.

बारा वर्षं आमचं हेच चाललं होतं. त्याआधी आमच्यातल्या निम्म्या जणी उसाच्या खुरपणीला जायच्या. आमच्या मांजरी गावातला ऊस हटत गेला, रानांवर बारा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या. इमारतीत काय खुरपायचं? मग ह्या काळ्या काडीवर आमच्या चुली पेटत राहिल्या.

चंपाक्काच्या मुठीत खोक्यातली बत्ती होती. वळलेली, वाळलेली, अगदी तयार. तिनं एक उजेडात धरली, नखानं खरवडली, दोन बोटांत फिरवून बघितली. आमच्यात तिच्याइतका हात कुणाचाच नव्हता, त्यामुळं ती काय म्हणते याकडं सगळ्यांचे डोळे.

"कुणी वळली ही?"

"मशीननं," पोपट म्हणाला.

"कुठल्या मशीननं?"

"व्हिएतनामच्या."

"ते कुठं आलं?"

"समुद्रापल्याड, चीनच्या खाली. का? तुला तिथं पाव्हणं शोधायचंत?"

"न्हाई. आमचं काम कुठं गेलं ते शोधाया जायचंय."

पोपट तिच्याच भावकीतला, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. कंपनीचं काम गावात त्यानंच आणलेलं, त्यामुळं त्याला ठेकेदार म्हणायचे. त्यानं खोकं तिच्या हातातनं काढून घेतलं.

"हे बग चंपाक्का, सरकारासरकारांचा करार झालाय. तिकडच्या मालावर पयला जो कर बसायचा तो साला-सालानं उतरत आलाय. आता ती काडी जहाजात बसती, टेंपोत बसती, हितवर येती, तरी तुमच्यापेक्षा सवंग पडती. कंपनीच्या मॅडमनी सांगितलंय, वळायचं बंद. आता हितं फकस्त वास लावायचा आन् पुड्यात भरायचं. त्याला नऊ बायका पुरं."

"आन् बाकीच्या सव्वीस?"

"मला का इच्यारती? करार म्या केलाय का?"

"करार तू न्हाई केला. खोकी तर तूच उतरून घेतली."

"न घिऊन काय करू? न्हाई म्हणलं तर मॅडम काम फुरसुंगीला हलवतील. मंग ह्या नऊबी घरीच."

त्यानं खिशातनं कागद काढला आणि नऊ नावं वाचली. पहिलं चंपाक्काचं, तिसरं माझं. चंपाक्कानं आपला पाट उचलून काखेत मारला.

"माझं नाव खोड. दुसऱ्यानं वळलेली म्या भरणार न्हाई."

ती ओटा उतरली. सव्वीस जणींना तसंही उठायचंच होतं, त्या तिच्या मागं गेल्या. ओट्याखाली जाऊन तिनं वळून आम्हा आठ जणींकडं बघितलं. तिला वाटलं, आम्हीही उठू. मी मसाल्याच्या रिकाम्या घमेल्याकडं बघत बसले. तिच्या जागी पोपटनं सव्वीसातल्या विमलाबाईला घेतलं.

माझा नवरा आदल्या वर्षी सेंट्रिंगवरनं पडलेला. कमरेखाली जोर नव्हता. दोन पोरी शाळेत. हे मी तेव्हा ज्याला त्याला सांगत सुटले. चंपाक्काला सांगायला गेले तर तिनं दार लोटून घेतलं.

तिचं आणि माझं घर एका भिंतीचं. पंधरा वर्षांत माझ्या घरातला चहा तिच्याशिवाय उकळला नव्हता. त्या दिवसानंतर मी नळावरनं हंडा उचलून आत गेले की मगच ती कळशी घेऊन बाहेर यायची. रस्त्यात समोर आली तर पदर सारखा करायची आणि बाजूनं निघून जायची. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

भिंत पातळ होती, त्यामुळं तिच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. तिला एकच पोर, पूर्वा. बाप किडनीच्या आजारानं गेला तेव्हा पूर्वा सातवीत होती. तिथनं इंजिनियर होईपर्यंत चंपाक्कानं तिला उदबत्त्या वळून शिकवलं. आता ती खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. एका रविवारी दुपारी दोघींचं जुंपलं.

"आई, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? माझा पगार आहे ना. बस की घरी."

"बसायचंच असतं तर तुझा बाप गेला तवाच बसले असते."

"मी तुला लॉजिकली सांगते, ऐक. तिकडचे दहा देश आहेत. त्यांचं आणि आपलं ॲग्रीमेंट झालंय. त्यांचा माल आपल्याकडे स्वस्तात येणार, आपली माणसं, आपल्या सर्व्हिसेस तिकडे जाणार. आमचं सगळं काम सिंगापूरच्या बँकेचं आहे. सिंगापूर त्या दहातलंच. मला दोन वर्षांसाठी पाठवतायत तिकडे. ओव्हरऑल बघितलं तर देशाचा फायदाच आहे."

मी परातीत हात तसाच ठेवून ऐकत होते.

"म्हंजे तू तिकडं जायची म्हणून ती काडी हिकडं आली."

"असं एकास एक नसतं गं आई."

"मंग कसं असतं?"

"सगळ्याचा मिळून नफा-तोटा बघतात."

"कोन बघतं? त्याला म्हणावं मांजरीत यिऊन बग. नफा तुझ्याकडं आन् तोटा माझ्याकडं. दोन्ही एकाच घरात हायती, तरी तुला दिसंना."

"मग मी काय करू? नको जाऊ?"

"जा. म्या कवा अडवलं? फकस्त माझाबी फायदा झाला म्हणून मला सांगू नको."

पूर्वा वैशाखात गेली. विमानतळावर सोडायला चंपाक्का एकटीच गेली आणि एकटीच परत आली. मला बरोबर जावंसं वाटत होतं. कपडे बदलून मी दारात उभी राहिले होते. तिनं रिक्षात बसताना माझ्याकडं मान वळवली नाही.

इकडं शेडमध्ये आमचं भरायचं काम चालू होतं. कंपनीच्या मालकांनी कारभार लेकीकडं दिला होता. राजनंदिनी मॅडम. शिकून आलेली, बोलायला गोड, पण तोडून बोलायची. तिनं नवा पुडा काढला. खाकी कागद, वर नऊवारीतल्या बाईचं चित्र, बाई पाटावर बत्ती वळतीय. खाली छापलेलं, 'ग्रामीण महिलांनी हाताने वळलेली.' पहिल्या दिवशी विमलाबाईनं तो पुडा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "मॅडम, हे हातानं वळलेली म्हणून लिवलंय?"

"पुडे तुम्ही पायाने भरता का?"

"न्हाई, हातानंच."

"मग हातच लागलाय ना. भरा."

विमलाबाई हसली. आम्हीपण हसलो. मग भरायला लागलो.

भाद्रपदात पोपट माझ्या घरी आला आणि उंबऱ्यावरच बसला. मोठमोठ्या दुकानांची एक साखळी होती, गावोगाव दुकानं. त्यांना हा पुडा पाहिजे होता, दिवाळीच्या आत. पण खरेदी करणाऱ्या बाई आधी इथं येऊन बायका वळताना बघणार होत्या.

"तुमचे नऊ जणींचे हात आता वळायचं इसरलेत. चंपाक्का पाहिजे. तिचा हात बघितला की त्या बाई दुसरं कायच इच्यारणार न्हाईत," पोपट म्हणाला. "माझं ती ऐकायची न्हाई. तू जा."

"माझं तरी ऐकती का?"

"तिला सांग, ही आर्डर झाली की मॅडम वळायचं काम परत सुरू करत्यात. सगळ्या पस्तीस जणींना."

"खरंच करत्यात?"

पोपटनं चप्पल पायात सरकवली. "आर्डर तरी हू दे आधी," म्हणाला.

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलंही असेल. पण नऊ महिन्यांत पहिल्यांदा चंपाक्काच्या दारात जायला मला काहीतरी निमित्त मिळालं होतं. मी गेले. ती ज्वारी निवडत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, आणि सांगताना 'म्हणत्यात' हा शब्द गाळला. काम परत सुरू होणार, असंच सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"सगळ्या जणी?"

"सगळ्या."

"शपथ घे."

मी गळ्याला हात लावला. ती लगेच उठली. पाट फळीवर ठेवलेला होता, तो काढून ओल्या फडक्यानं पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या नवऱ्याचं ऐकून घ्यायला पायजे व्हतं म्या. रागात व्हते." मला तिथं उभं राहवेना. पोरी शाळेतनं आल्या असतील म्हणून मी निघाले.

ठरल्या दिवशी उघडीप होती. शेडपुढच्या काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतायचा, म्हणून पोपटनं मॅडमच्या गाडीपासनं ओट्यापर्यंत फळ्या टाकल्या होत्या. सव्वीसच्या सव्वीस बायका आल्या. ठेवणीतली लुगडी, केसांना तेल, एकदोघींनी तर गजरे माळलेले. मसाला चंपाक्कानं स्वतः मळला. गोळा कानापाशी नेऊन दाबायची, पुन्हा पाण्याचा हबका मारायची. बायका तिला सासरची-माहेरची विचारत होत्या आणि ती सगळ्यांशी बोलत होती. माझ्याशीही बोलली. "शालू, काड्या दे हिकडं," म्हणाली.

कोपऱ्यातल्या खोलीत व्हिएतनामची खोकी कोंबून पोपटनं बाहेरनं कुलूप घातलेलं.

खरेदीच्या बाई म्हणजे श्रद्धा मॅडम. तिशीतली, साधी बाई. चिखल लागला तरी तिला काही वाटलं नाही. चंपाक्काच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि तिच्या हाताकडं बघतच राहिली. चंपाक्काचा तळवा पाटावरनं असा जायचा, की मसाला काडीवर कधी चढला ते दिसायचं नाही. एकीपाठोपाठ एक, सगळ्या एका जाडीच्या.

"दिवसाला किती होतात, मावशी?"

"चार हजारापत्तूर करायची म्या."

"आता नाही होत?"

चंपाक्कानं मान वर करून राजनंदिनी मॅडमकडं बघितलं. मॅडम तिच्या शेजारीच उभी होती.

"मॅडम, उद्यापास्नं रोज मसाला यील ना? सकाळी आठाला?"

मॅडम जरा वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो बाई, आजच्या दिवसाचं आहे हे. पोपटने सांगितलं नाही का? आपण जरा हसा, फोटो काढायचेत."

मी दोन हातांवर होते, पुड्यांचं ताट घेऊन. मला शब्दन् शब्द ऐकू आला. चंपाक्कानं माझ्याकडं बघितलं. मग हातातली काडी तिनं अर्धी वळलेलीच पाटावर ठेवली.

"बाई," ती श्रद्धा मॅडमला म्हणाली, "ह्या पुड्यातली एकबी काडी आमी वळलेली न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे ती परदेशातनं तयार येती. नऊ महिने झाले, हितं कुणी पाटाला हात लावलेला न्हाई. आज तुमच्यासाठी बसवल्यात आमाला. त्या खोलीत खोकी हायती. कुलूप काढाया सांगा."

पोपट हसला. "चावी टेंपोवाल्यापाशी ऱ्हायली, मॅडम. त्यात रद्दी हाय सगळी."

श्रद्धा मॅडम उठून उभी राहिली. तिनं ओट्यावरच्या बायकांवरनं नजर फिरवली. बाकीच्या पंचवीस जणींनी माना खाली घातल्या. त्यांना अजून आशा होती. काम परत येणार म्हणूनच तर त्या तेल लावून आल्या होत्या, आणि मॅडम चंपाक्काला काय म्हणाली ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मग श्रद्धा मॅडम माझ्याकडं वळली.

"तुम्ही रोज इथेच असता ना? मावशी म्हणतात ते खरं आहे?"

विमलाबाई आणि बाकीच्या सात जणी माझ्याकडं बघत होत्या. राजनंदिनी मॅडम घड्याळ बघत होती. मी हो म्हटलं असतं तर ऑर्डर तिथंच मोडली असती, आणि ऑर्डरबरोबर शेड. मला माझ्या पोरींची दप्तरं दिसली. हे सगळं मी नंतर जुळवलं म्हणा. तेव्हा तोंडातनं आपसूक आलं.

"नवरा गेल्यापास्नं तिचं असंच हाय, मॅडम. मधनंच कायबी बोलती. मनावर घिऊ नका."

श्रद्धा मॅडमच्या तोंडावर कणव आली. तिनं चंपाक्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, पाणी देऊ का तुम्हाला?"

चंपाक्कानं तो हात बाजूला केला. बोटांचा मसाला पाटाच्या कडेला पुसला, उठली, आणि पोपटनं टाकलेल्या फळ्या सोडून चिखलातनंच चालत गेली. तिच्या मागं म्हातारी जया तेवढी उठली. बाकीच्या बसून राहिल्या. मग त्यांचे फोटो निघाले.

ऑर्डर झाली. दिवाळीपर्यंत आम्हाला मान वर करायला उसंत नव्हती. त्या बायका रोज दोन-चार करून शेडवर येऊन विचारायच्या, वळायचं कधी सुरू होणार? पोपट म्हणायचा, पुढच्या महिन्यात. मार्गशीर्षात त्यांनी येणं बंद केलं.

माघात आमचंही संपलं. एवढी ऑर्डर नऊ बायकांच्या हातनं निघत नाही म्हणून मॅडमनी कंपनीतच वास लावायचं आणि पुडे भरायचं मशीन बसवलं. सांगायला त्या आल्यासुद्धा नाहीत, पोपटला फोन केला. शेड त्यानं एका मोटारसायकलवाल्याला गॅरेजसाठी दिली. जाता-येता दिसला की म्हणायचा, "शालू, मलाबी न्हाई ठाऊक व्हतं गं." पुड्यावरची बाई मात्र तशीच राहिली, अजून वळतीय.

मी इमारतींमध्ये झाडू-पोछ्याला जाऊन आले. त्यांना सकाळी सातापासनं संध्याकाळी सातापर्यंत बाई पाहिजे होती. माझ्या नवऱ्याला दुपारी उठवून बसवावं लागतं, दुसरं कुणी नाही. दोन ठिकाणी ठेवून घेतलं आणि दुपारी घरी गेले म्हणून दोन्हीकडनं काढलं. दोन महिने असेच गेले.

चंपाक्कानं तोवर डबे सुरू केले होते. त्या इमारतींत वऱ्हाडातली, खानदेशातली पोरं दाटीवाटीनं राहायची, कॉम्प्युटरच्या कंपन्यांतली. हॉटेलात खाऊन खाऊन विटलेली. त्यांना ज्वारीची भाकरी आणि झुणका कुणी दिला की ती पाया पडायची. पूर्वानं पैसे पाठवलेले, ते चंपाक्कानं तसेच परत धाडले, असं जया सांगत होती. जया आणि त्या सव्वीसातल्या आणखी दोघी तिच्याकडं कामाला होत्या. भिंतीपलीकडनं भाकरी थापल्याचा आवाज मला पहाटेपासनं यायचा.

एका दुपारी मी गेले. डबे निघून गेले होते, ती एकटी परात घासत होती.

"काय?" तिनं विचारलं. माझ्याकडं न बघता.

"काम पायजे."

"शंभर भाकरी व्हतील का, दहाच्या आत?"

"व्हतील."

"दुपारी नवऱ्याला कोन बघतं?"

"मीच."

"मंग दहाला सुटायचं. संध्याकाळचं जया बघती."

तिनं परात पालथी घातली. मी जायला पाहिजे होतं, पण पाय निघेना.

"चंपाक्का, त्या दिवशी म्या—"

"ते नगं."

"एकदा ऐकून तरी घे."

"ऐकलं व्हतं तवा. सगळ्यांसमूर." ती पदराला हात पुसत उभी राहिली. तिच्या आवाजात राग असता तर मी रडले असते, पण तोही नव्हता. "उद्या पाचाला ये. कामाला ये, बोलाया यिऊ नको."

त्याला आता चार वर्षं होतील. पगार एक तारखेला देते, माझ्या नवऱ्याच्या दोन भाकरी आधी बाजूला काढून ठेवते, माझ्या थोरलीच्या लग्नात येऊन तिनं वाढायचं सगळं काम ओढलं. पण पीठ, मीठ आणि डबे सोडून माझ्याशी एक शब्द बोलत नाही. मी रोज जाते.